विधेयक वाचावे कसे? – एका डॉक्टरचा अल्पस्वल्प अभ्यास

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा नेहमीप्रमाणे मधुमेह किंवा रक्तदाब यांवर चार शब्द लिहावेत असे मनात होते. परंतु गेली काही वर्षे एक निराळाच विषय मनात घर करून बसला आहे. तो वैद्यकाचा नाही, कायद्याचा आहे. मी कायद्याचा पदवीधर नाही. बेळगावात गेली अनेक वर्षे रुग्ण तपासणारा एक सामान्य डॉक्टर आहे. तरीही माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे मला हा अभ्यास करणे भाग पडले, आणि तोच येथे मांडण्याचे धाडस करीत आहे.

डिसेंबर २०२३ मधील गोष्ट. संसदेत नव्या फौजदारी कायद्यांवर चर्चा चालू होती. २० डिसेंबरला लोकसभेत गृहमंत्र्यांनी, उपचारातील हयगयीच्या फौजदारी गुन्ह्यातून डॉक्टरांना मुक्त करणारी दुरुस्ती आणण्याची घोषणा केली. त्याच सायंकाळी माझ्या मोबाइलवर संदेश आला : ‘अभिनंदन! डॉक्टर आता फौजदारी गुन्ह्यातून मुक्त.’ मी तो क्षणाचाही विचार न करता चाळीसेक सहकाऱ्यांना पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कोणी पेढे आणले, तेही खाल्ले.

रात्री जेवताना माझ्या सुनेने विचारले, “बाबा, यात दंतवैद्य येतात का?” ती दंतवैद्य आहे आणि तिचा स्वतःचा दवाखाना आहे. मी म्हणालो, “अगं, येणारच की. डॉक्टर म्हणजे डॉक्टर!” ती एवढेच म्हणाली, “तुम्ही मूळ कलम वाचलंत का?” मी वाचले नव्हते. चाळीस डॉक्टरांना आश्वस्त करणाऱ्या माणसाने मूळ मजकुराची एक ओळही वाचलेली नव्हती. रुग्णाला न तपासता निदान सांगण्यापेक्षा हे काही वेगळे नव्हे.

एका शब्दाचा फरक

पुढे राजपत्रात प्रसिद्ध झालेला मजकूर मिळवला आणि जुने व नवे कलम शेजारी शेजारी ठेवून वाचले. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ नुसार, अविचाराने किंवा हयगयीने मृत्यूस कारण होणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा द्रव्यदंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. हे कलम डॉक्टर, वाहनचालक, ठेकेदार अशा सर्वांना सारखेच लागू होते.

११ ऑगस्ट २०२३ रोजी मांडलेल्या भारतीय न्याय संहितेच्या पहिल्या विधेयकात ही शिक्षा सरसकट सात वर्षांपर्यंत वाढवली होती. विधेयक गृह खात्याच्या स्थायी समितीकडे गेले आणि समितीच्या अहवालानंतर ते मागे घेण्यात आले. १२ डिसेंबरला सुधारित विधेयक आले. अखेर संमत झालेल्या कलम १०६(१) मध्ये सर्वसाधारण शिक्षा पाच वर्षांपर्यंत कारावास आणि द्रव्यदंड अशी आहे. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या हातून वैद्यकीय प्रक्रिया करताना असे कृत्य घडल्यास मात्र दोन वर्षांपर्यंत कारावास आणि द्रव्यदंड अशी तरतूद आहे.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. जुन्या कलमात ‘किंवा’ होते, नव्यात ‘आणि’ आहे. पूर्वी दोष सिद्ध झाला तरी केवळ द्रव्यदंडावर सोडण्याची मोकळीक न्यायाधीशांना त्या कलमाच्या शब्दांतच होती. नव्या शब्दरचनेत तसा पर्याय दिसत नाही. कारावासाची किमान मुदत दिलेली नसल्याने ती अल्प असू शकेल, हे खरे. इतरांच्या मानाने डॉक्टरांना सवलत मिळाली, हेही खरे. पण ‘मुक्तता’ हा शब्द कलमात कोठेही नाही. गुन्हा कायम आहे आणि पूर्वीच्या तुलनेत शिक्षेचे शब्द किंचित कडकच झाले आहेत.

व्याख्या प्रथम वाचावी

सुनेच्या प्रश्नाचे उत्तर त्याच कलमाखालच्या स्पष्टीकरणात होते. ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक’ म्हणजे राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ खाली मान्यता असलेली अर्हता धारण करणारी आणि त्या कायद्यानुसारच्या राष्ट्रीय किंवा राज्य नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती. या शब्दांचा सरळ अर्थ घेतला, तर दंतवैद्यक, आयुर्वेद आणि होमिओपॅथी यांचे पदवीधर या व्याख्येत बसत नाहीत, कारण त्यांच्या अर्हता वेगळ्या कायद्यांखाली येतात. परिचारिकाही बसत नाहीत. म्हणजे एकाच शस्त्रक्रियागृहात, एकाच घटनेत, शल्यचिकित्सकाला दोन वर्षांची मर्यादा आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेला पाच वर्षांची, असा प्रसंग या शब्दांतून उद्भवू शकतो.

शिवाय ‘वैद्यकीय प्रक्रिया करताना’ म्हणजे नेमके काय, हे कलमात सांगितलेले नाही. शस्त्रक्रिया त्यात निश्चित येईल. परंतु औषध लिहून देणे, चुकलेले निदान, दूरध्वनीवरून दिलेला सल्ला यांचे काय? याचे उत्तर न्यायालयेच यथावकाश देतील.

आपल्या संस्थेत सर्व शाखांचे डॉक्टर आहेत. मी ज्या चाळीस जणांना अभिनंदनाचा संदेश पाठवला, त्यांत बारा जण आयुर्वेद व दंतवैद्यक शाखेचे होते. त्या बाराही जणांना मी स्वतः दूरध्वनी करून चूक सांगितली. ते काम संदेश पाठवण्याइतके सोपे नव्हते.

एक दिलासा मात्र नोंदवला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात घालून दिलेली तत्त्वे केवळ कलमाचा क्रमांक बदलल्याने पुसली जात नाहीत. फौजदारी जबाबदारीसाठी हयगय ढोबळ व गंभीर स्वरूपाची असावी, तपास अधिकाऱ्याने कारवाईपूर्वी स्वतंत्र व सक्षम वैद्यकीय मत घ्यावे, आणि डॉक्टरला केवळ आरोप झाला म्हणून सरसकट अटक करू नये, असे त्या निकालात म्हटले आहे. त्याचबरोबर, ज्या घरातील माणूस खरोखर निष्काळजीपणामुळे गेला, त्या घरालाही न्यायाचा दरवाजा उघडा राहिला पाहिजे. आपण कायदा वाचावा तो केवळ आपल्या बचावासाठी नव्हे, याचे भान असावे.

विधेयकाचे नाव फसवे असते

या अनुभवानंतर मी विधेयके वाचण्याचा छंदच लावून घेतला. त्यात लक्षात आले की आपल्याशी संबंधित तरतुदी आरोग्य खात्याच्याच विधेयकात असतील असे नाही. ‘जन विश्वास’ हे नाव ऐकून कोणा डॉक्टरला त्यात आपले काही असेल असे वाटेल काय? व्यवसायसुलभतेसाठी आणलेल्या २०२३ च्या त्या कायद्याने एकाच वेळी ४२ केंद्रीय कायद्यांत दुरुस्त्या केल्या. त्यांत औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाचे कलम २७(ड) होते. त्या कलमाखालील गुन्हे तडजोडीने, म्हणजे रक्कम भरून, मिटवता येतील अशी तरतूद झाली. औषधाची प्रत अपेक्षेपेक्षा कमी आढळल्यास सामान्यतः हेच कलम लागते. आपण लिहून दिलेली गोळी रुग्णाच्या पोटात जाते, तिच्याशी या बदलाचा थेट संबंध आहे. तरीही आमच्या बैठकीत त्याची चर्चा झाल्याचे मला स्मरत नाही.

दुसरे उदाहरण डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे. २०१९ च्या विधेयकात आरोग्यविषयक माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा होता. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. २०२३ साली जो कायदा झाला त्यात हा वेगळा वर्ग नाही. सर्व वैयक्तिक माहितीला एकच माप आहे. कागदावरचा केसपेपर कागदावर आहे तोवर हा कायदा त्याला लागू होत नाही, परंतु त्याचे छायाचित्र काढून सहकाऱ्याला पाठवताच ती माहिती डिजिटल होते. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. लहान दवाखान्याला एवढा दंड होईल असे नव्हे, पण कायद्याचा रोख त्यावरून कळतो. जीवितास धोका असलेल्या वैद्यकीय आणीबाणीत संमतीवाचून माहिती वापरण्याची मुभा कलम ७ मध्ये आहे, हेही ठाऊक असावे.

केंद्राचा कायदा, राज्याचा कायदा

आम्हा सीमाभागातील डॉक्टरांना आणखी एक प्रश्न नेहमी पडतो. आमचा रुग्ण खानापूरचा असतो तसा चंदगडचाही असतो. नर्सिंग होमची नोंदणी कर्नाटकाच्या कायद्याने होते आणि काही मैलांवर महाराष्ट्राचे नियम सुरू होतात. याचे कारण असे की सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत आहे. फौजदारी कायदा आणि वैद्यकीय व्यवसाय हे मात्र समवर्ती सूचीत येतात. म्हणून न्याय संहिता चंदगडला आणि बेळगावला एकच असते.

राज्याच्या विषयावर संसदेला कायदा करायचा असेल, तर अनुच्छेद २५२ नुसार किमान दोन राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव करावे लागतात. मानवी अवयव प्रत्यारोपण अधिनियम, १९९४ हा गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या ठरावांवरून झाला आणि नंतर इतर राज्यांनी तो स्वीकारला. त्यामुळे एखादे विधेयक केंद्रीय आहे असे कळले, तरी ते आपल्या राज्यात आपोआप लागू होणार का, हा प्रश्न विचारावाच लागतो.

संमत झाले म्हणजे लागू झाले असे नव्हे

भारतीय न्याय संहितेला राष्ट्रपतींची संमती २५ डिसेंबर २०२३ रोजी मिळाली. ती लागू झाली १ जुलै २०२४ रोजी. तेव्हाही, अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकासंबंधीचे कलम १०६(२) वाहतूकदारांच्या विरोधामुळे वगळण्यात आले. विदा संरक्षण कायद्याला संमती ऑगस्ट २०२३ मध्ये मिळाली, तर त्याचे नियम अधिसूचित व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडले. विधेयकात ‘विहित करण्यात येईल त्याप्रमाणे’ हे शब्द दिसले की ओळखावे, खरा तपशील नियमांत येणार आहे. प्रत्यक्षात दवाखान्याच्या दारात कायदा नियमांच्याच रूपाने येतो.

आपले म्हणणे कोणी ऐकते का?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. डिसेंबर २०१७ मध्ये मांडलेल्या राष्ट्रीय वैद्यक आयोग विधेयकात, आयुष डॉक्टरांना सेतू अभ्यासक्रमानंतर मर्यादित आधुनिक औषधे लिहू देण्याची तरतूद होती. देशभर वाद झाला, विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि मार्च २०१८ मध्ये सरकारने ती तरतूद वगळण्याचे ठरवले. ते विधेयक १६ व्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. २०१९ च्या नव्या कायद्यात सेतू अभ्यासक्रम नाही, परंतु कलम ३२ मध्ये ‘समुदाय आरोग्य सेवादाता’ ही नवी कल्पना आली. यावरून दोन गोष्टी शिकता येतात. वेळेवर मांडलेले म्हणणे ऐकले जाऊ शकते, आणि एक लढाई जिंकल्यावर नवा मसुदा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावा लागतो.

२०१४ साली केंद्र सरकारने ठरवलेल्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणानुसार मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. हे धोरण आहे, कायदा नव्हे. ते प्रत्येक वेळी पाळले जातेच असे नाही. पण जेव्हा ते तीस दिवस मिळतात, तेव्हा आपण काय करतो?

एक नम्र सूचना

कोणतेही विधेयक हाती आले की मी आता सहा प्रश्न एका कागदावर लिहितो. व्याख्येत कोण येते आणि कोण वगळले जाते? जुन्या कलमातील कोणता शब्द बदलला? शिक्षा ‘किंवा’ने जोडली आहे की ‘आणि’ने? नियमांसाठी काय राखून ठेवले आहे? ते आपल्या राज्याला लागू होते का? आणि कोणत्या तारखेपासून? एवढ्या उत्तरांसाठी वकिलाची पदवी लागत नाही. केसपेपर लिहिताना आपण जी शिस्त पाळतो, तीच येथे पुरते. उत्तर सापडले नाही, तर मात्र वकिलाकडे जावे. आपणही रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवतोच.

संस्थेने संसदेच्या प्रत्येक अधिवेशनानंतर एक सायंकाळ या वाचनासाठी राखून ठेवावी, अशी माझी सूचना आहे. त्यात सर्व शाखांचे डॉक्टर असावेत, एक वकील असावा आणि एखाद्या रुग्णाचे नातेवाईकही असावेत. कलम १०६ च्या स्पष्टीकरणात इतर शाखांचा समावेश व्हावा की नाही, यावर आपल्यातही मतभेद असतील. ते समोरासमोर बसून बोलावेत आणि जे ठरेल ते आपल्या खासदारांना लेखी कळवावे.

सुनेला मी अजून समाधानकारक उत्तर देऊ शकलेलो नाही. “आज तरी तू त्या व्याख्येत नाहीस,” एवढेच सांगू शकलो. पण ते मूळ कलम वाचून सांगितले. संस्थेच्या पहिल्या वाचनाच्या सायंकाळी पहिला प्रश्न तिचाच घ्यावा, अशी माझी विनंती आहे.