हॅस्केल प्रकल्पाच्या संरचना-फायली

या वसतिगृहातून बाहेर पडून संगणकशास्त्राकडे वळलेले आम्ही काही माजी विद्यार्थी. हॅस्केल शिकताना तिच्या व्याकरणापेक्षा प्रकल्पाच्या फोल्डरात निमूटपणे पडलेल्या दोन-तीन छोट्या फायलींनीच आम्हांस अधिक छळले. धाकट्या भावंडांचा तो वेळ वाचावा म्हणून हे टिपण.

'स्टॅक' हे बांधणीचे साधन २०१५ साली आले. त्याने नवा प्रकल्प सुरू केला की 'पॅकेज डॉट यॅमल' आणि 'स्टॅक डॉट यॅमल' या फायली मिळतात. दिसावयास सारख्या, कामे मात्र भिन्न. आज्ञावलीस कोणत्या लायब्ऱ्या लागतात आणि त्यांच्या कोणत्या आवृत्त्या चालतील, हे पहिली सांगते. 'बेस' या मूळ लायब्ररीपुढे '४.७ पासून, पण ५ च्या आत' अशी अट असते ती याच अर्थाने. ही केवळ मर्यादा झाली. नेमकी आवृत्ती दुसरी फाइल ठरवते. तिच्यात 'स्नॅपशॉट', जुन्या प्रकल्पांत 'रिझॉल्व्हर', या शब्दापुढे 'एलटीएस-२१.२५' असे काही लिहिलेले असते. स्नॅपशॉट म्हणजे एकत्र बांधून पाहिलेल्या, परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्यांचा संच. या संचाबरोबर जीएचसी हा कंपायलरही ९.४.८ असा ठरून जातो. म्हणून तो आकडा सहज बदलू नये. कंपायलर नव्याने उतरवावा लागू शकतो, लायब्ऱ्या पुन्हा बांधल्या जातात आणि मोजका डेटा असलेल्याची रात्र वाया जाते.

संचात नसलेली लायब्ररी हवी असल्यास तिचे नाव आवृत्तीसह स्टॅक डॉट यॅमलमध्ये 'एक्स्ट्रा-डेप्स'खाली लिहावे. परंतु तेवढ्याने ती आज्ञावलीस मिळत नाही. पॅकेज डॉट यॅमलमधील 'डिपेन्डन्सीज'खालीही तिची नोंद हवीच. एकच नोंद करून त्रुटी-संदेशाकडे आम्ही कितीदा पाहत बसलो!

तिसरी फाइल 'डॉट कबाल' नावाची. पॅकेज डॉट यॅमल असताना ती तिच्यापासून आपोआप तयार होते. सादरीकरणाच्या आदल्या रात्री आमच्यापैकी एकाने घाईत तीच हाताने बदलली. मग दुसऱ्याने पॅकेज डॉट यॅमलमध्ये केलेला बदल काही केल्या लागू होईना. हाताने बदललेली कबाल फाइल दिसली की स्टॅक तिलाच प्रमाण मानते. तसा इशाराही देते, पण तो वाचण्याचे भान पहाटेपर्यंत कोणास नव्हते. शेवटी कबाल फाइल काढून टाकली, तिच्यातील नोंद पॅकेज डॉट यॅमलमध्ये केली आणि बांधणी पार पडली.

यॅमलमध्ये ओळ आत सरकवण्यास टॅब चालत नाही, स्पेसच द्याव्यात. आणि प्रकल्प मित्रास पाठवताना 'स्टॅक डॉट यॅमल डॉट लॉक' ही फाइलही सोबत द्यावी. स्नॅपशॉटची व जादा लायब्ऱ्यांची नेमकी ओळख तिच्यात नोंदलेली असते.