साउंडवाल्याच्या लॅपटॉपसाठी बटणांचा तक्ता

मंडप, माइक आणि साउंडचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांकडे पूर्वी कॅसेट डेक असे. नंतर सीडी आली आणि आता बहुतेकांच्या टेबलावर लॅपटॉप दिसतो. डेकवर मोजून पाच-सहा मोठी बटणे होती. नवा पोरगासुद्धा ती पाहून काम उचलत असे. लॅपटॉपवर कोणते बटण काय करते हे वर लिहिलेले नसते, ते चालवणाऱ्याच्या बोटांत असते. तो माणूस आजारी पडला किंवा दुसऱ्या दुकानात गेला म्हणजे मालकाला आपल्याच सामानापुढे हात बांधून उभे राहावे लागते. लग्नसराईत एकाच दिवशी दोन ठिकाणच्या ऑर्डरी आल्या तर दुसरी नाकारावी लागते, आणि कारण काय तर प्लेअर चालवणारा एकच!

यावर उपाय म्हणजे आपल्या दुकानापुरता एक लेखी तक्ता. तो कसा करावा हे आज पाहू. उदाहरणाला व्हीएलसी हा प्लेअर घेतला आहे. 1996 मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून त्याची सुरुवात झाली. आज व्हिडिओलॅन ही ना-नफा संस्था तो चालवते. धंद्यासाठी वापरला तरी त्याचे पैसे पडत नाहीत. 2022 मध्ये या संस्थेची साइट भारतात काही महिने बंद होती, नोव्हेंबरात ती पुन्हा उघडली. प्लेअर तिथूनच घ्यावा. फुकट वाटणारे भलते ठिकाण धरून लॅपटॉपमध्ये व्हायरस आणू नये.

तक्ता लिहिताना बहुतेक जण पहिली चूक करतात ती अशी, की मेनूमधली सगळी बटणे ओळीने उतरवून काढतात. साठ ओळींचा कागद होतो आणि ऐन वेळी कोणी तो वाचत नाही. तक्ता बटणांचा नसावा, कामांचा असावा. आधी काम लिहावे, जसे ‘गाणे जागच्या जागी थांबवणे’. त्यापुढे बटण, त्यापुढे बटण दाबल्यावर काय व्हायला हवे, आणि शेवटी तसे झाले नाही तर काय करायचे. हा चौथा रकाना लोक गाळतात, पण तक्त्याचा खरा उपयोग तिथेच आहे.

साउंडवाल्याला रोज लागणारी कामे फार नाहीत. स्पेस बार दाबला की गाणे थांबते, पुन्हा दाबला की तिथूनच पुढे चालते. एस दाबले तर पूर्ण बंद होते, आणि नंतर लावल्यास सहसा सुरुवातीपासून लागते. एन म्हणजे पुढचे, पी म्हणजे मागचे. एम दाबल्यास आवाज बंद होतो, पण गाणे आतल्या आत चालूच राहते. भाषणापूर्वी एम दाबून ठेवले आणि अर्ध्या तासाने पुन्हा दाबले, तर मध्येच भलते गाणे उसळून वर येते. म्हणून तक्त्यात एमपुढे ‘फक्त दोन मिनिटांसाठी’ असे लिहावे.

पी या बटणाबद्दल थोडे जास्त सांगायला हवे. काही प्लेअरमध्ये पी म्हणजे पॉझ. व्हीएलसीमध्ये मात्र पी दाबताच आधीचे गाणे सुरू होते. स्टेजवर वधू-वर येत आहेत, आणि थांबवायला गेलेल्या माणसाच्या हातून हळदीचे गाणे लागले, तर ऑर्डर देणारा ते वर्षभर विसरत नाही. असली बटणे तक्त्यात लाल शाईने लिहावीत. जुन्या लोकांची बोटे विनॅम्पवर बसलेली असतात. 1997 साली आलेल्या त्या प्लेअरमध्ये खालच्या ओळीतली झेड, एक्स, सी, व्ही, बी ही पाच बटणे अनुक्रमे मागचे, चालू, पॉझ, बंद आणि पुढचे अशी होती. शेजारी शेजारी, अगदी डेकसारखी. माझ्या मते ती मांडणी अजूनही सर्वांत सोयीची आहे. व्हीएलसीतही ती करता येते. कंट्रोल आणि पी मिळून दाबावे, म्हणजे सेटिंगची खिडकी उघडते. त्यात हॉटकीज हा भाग आहे. तिथे कामावर दोनदा क्लिक करून हवे ते बटण दाबायचे आणि शेवटी सेव्ह करायचे. एखादे बटण आधीच दुसऱ्या कामाला लावलेले असेल तर प्लेअर तशी सूचना देतो. बदल केला की तक्ता त्याच दिवशी बदलावा. जुना तक्ता भिंतीवर राहिला तर तो नसलेलाच बरा.

याच हॉटकीजच्या यादीत ग्लोबल नावाचा आणखी एक रकाना आहे. साधे बटण व्हीएलसीची खिडकी पुढे असेल तेव्हाच चालते. ऑपरेटर दुसऱ्या खिडकीत बिल करीत बसला असेल तर स्पेस बार कितीही दाबला तरी गाणे थांबणार नाही. बिलात नुसत्या मोकळ्या जागा पडतील. ‘बटण बिघडले’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते. ग्लोबलमध्ये नेमलेले बटण खिडकी मागे असली तरी काम करते. पण तिथे स्पेस बार किंवा साधे अक्षर कधीही नेमू नये, नाहीतर ग्राहकाचे नाव टाइप करताना गाणी बदलत जातील. कंट्रोल, आल्ट आणि एक अक्षर अशी जोडी घ्यावी.

पुढे-मागे सरकण्यासाठी बाणांची बटणे आहेत. शिफ्टबरोबर बाण दाबल्यास 3 सेकंद, आल्टबरोबर 10 सेकंद, कंट्रोलबरोबर 1 मिनिट. ठरलेल्या वेळेवर थेट जायचे असेल तर कंट्रोल आणि टी. आवाज कंट्रोल आणि वर-खालच्या बाणाने वाढतो-कमी होतो. प्लेअर 100 टक्क्यांच्याही वर, 125 पर्यंत नेतो, पण तिथे आवाज फाटण्याचा धोका असतो. प्लेअर 100 वर ठेवून बाकीचे काम मिक्सरवर करावे, आणि हेही तक्त्यात लिहावे.

आता कमांडचे पर्याय. हे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. डेस्कटॉपवर व्हीएलसीचा जो आयकॉन असतो, त्यावर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्यास टार्गेट नावाची पट्टी दिसते. तीत प्रोग्रामचा पत्ता दुहेरी अवतरणात असतो. अवतरण संपल्यावर एक मोकळी जागा सोडून पुढे पर्याय लिहायचा. पर्याय इंग्रजी लहान अक्षरांत, आधी दोन आडव्या रेघा आणि शब्दांच्या मध्ये एकेक रेघ. आम्ही इथे उच्चार मराठीत देत आहोत.

आपल्या धंद्यासाठी सर्वांत कामाचा पर्याय आहे प्ले-अँड-स्टॉप. तो दिला की यादीतले एक गाणे संपताच प्लेअर थांबतो, पुढचे आपोआप सुरू करीत नाही. कोणी बोलायला उभा राहिला आणि मागून पुढचे गाणे धडाधड सुरू झाले, हा प्रकार त्याने टळतो. जेवणावळीच्या वेळी याच्या उलट हवे असते. तिथे लूप हा पर्याय पूर्ण यादी फिरवत ठेवतो आणि रँडम क्रम उलटसुलट करतो. रिपीट चालू असलेले एकच गाणे पुन्हा पुन्हा लावतो. लूप आणि रिपीट यांत गल्लत फार होते, म्हणून दोन्ही शेजारी लिहून फरक सांगावा. प्ले-अँड-एक्झिट यादी संपल्यावर प्लेअरच बंद करतो.

काही गाण्यांच्या सुरुवातीला लांब संगीत असते आणि ग्राहकाला थेट शब्द हवे असतात. त्यासाठी स्टार्ट-टाइम लिहून बरोबरचे चिन्ह आणि सेकंद लिहितात, थांबण्यासाठी स्टॉप-टाइम. 1 मिनिट 15 सेकंद म्हणजे 75. इथे एक बारीक नियम आहे. दोन रेघा लावून दिलेला पर्याय सगळ्या गाण्यांना लागू होतो. रेघांच्या जागी विसर्गासारखी दोन टिंबे लावून तोच पर्याय गाण्याच्या नावानंतर लिहिला, तर तो त्या एकाच गाण्यापुरता राहतो. हा फरक माहीत नसल्याने ‘प्रत्येक गाणे अर्ध्यातून का लागते’ म्हणून डोके धरून बसण्याची पाळी येते. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर नावही दुहेरी अवतरणात टाकावे. त्यापेक्षा नावेच 01, 02 अशी सलग ठेवावीत.

म्हणजे आयकॉनच्या तीन प्रती करून एकीला ‘कार्यक्रम’, दुसरीला ‘जेवण’, तिसरीला ‘स्वागत’ नाव द्यावे आणि प्रत्येकीत वेगळा पर्याय भरावा. नव्या मुलाला एवढे सांगितले की पुरे. मात्र एक उघडी असताना दुसरी उघडली तर दोन प्लेअर एकदम वाजू शकतात. आधीची बंद करण्याची सूचना तक्त्यात वरच असावी.

डीटीपी आणि टायपिंग करणाऱ्यांनाही हाच प्लेअर उपयोगी आहे. भाषणाची टेप ऐकून मजकूर उतरवताना चौकोनी कंसाचे डावे बटण गती थोडी कमी करते, उजवे वाढवते आणि बरोबरच्या चिन्हाने ती पूर्ववत होते. वाक्य निसटले तर शिफ्ट आणि डावा बाण. वर सांगितलेली ग्लोबल सोय केली तर टाइप करीत असलेली खिडकी सोडावीच लागत नाही.

तक्ता तयार झाला की त्यावर तारीख आणि प्लेअरची आवृत्ती लिहावी. ती शिफ्ट आणि एफ1 दाबल्यावर दिसते. इथली बटणे विंडोजवरील तिसऱ्या आवृत्तीची आहेत, ॲपलच्या संगणकावर काही वेगळी पडतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर वाजवता येत नाही, काही ठराविक दिवसांची सवलत सोडून. त्या वेळी टेबलावर जो कोणी असेल त्याला एस हे बटण अंधारातही सापडले पाहिजे. त्यावर रंगीत टेपचा तुकडा चिकटवावा.

शेवटी तपासणी. ज्याने हा प्लेअर कधी चालवलेला नाही अशा माणसाला, घरातल्या मुलाला किंवा शेजारच्या दुकानदाराला, तक्ता हातात देऊन दुकानात बसवावे. आपण तोंडाने काही सांगू नये. ‘गाणे थांबव, दोन मिनिटे पुढे ने, आता जेवणाची यादी लाव’ एवढेच म्हणावे आणि तो जिथे अडखळेल ती ओळ पुन्हा लिहावी. दोन-तीन फेऱ्यांत कागद बरोबर होतो. मग त्याला लॅमिनेशन करून एक प्रत लॅपटॉपच्या बॅगेत आणि एक मिक्सरच्या पेटीच्या झाकणाला आतून लावावी.