हळद शिजते त्याच दिवसांत

आमच्या उमरखेडात फेब्रुवारी-मार्च म्हणजे हळदीचा हंगाम. खणलेली हळद शिजवायची, खळ्यावर पसरायची, वाळली की ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची. नेमके तेच दिवस दहावीच्या परीक्षेचे. आमच्या घरात तीन वर्षांच्या अंतरानं दोन दहाव्या झाल्या. आधी लेकीची, मग धाकट्याची. लेकीच्या वेळी चुकत-माकत जे कळलं, ते धाकट्याला उपयोगी पडलं. तिचं ते ऋण अजून मनात आहे.

१. "झाला का अभ्यास?" हा प्रश्न मी माझ्या भीतीपोटी विचारत होते. चहा देताना, कपडे वाळत घालताना, दिवा लावताना, दिवसातून किती वेळा विचारत असेन कोण जाणे. एका संध्याकाळी लेक वहीतून मान वर न करता म्हणाली, "आई, तू विचारलंस ना, की मला फक्त राहिलेलं आठवतं." त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे धाकट्याला रात्री जेवणं झाल्यावर एकदाच विचारायचे, "उद्या काय घेणार आहेस?" तो सांगायचा, मी ऐकून घ्यायचे.

२. पुस्तक उघडं दिसलं की मला बरं वाटायचं, आणि त्या समाधानानंच मला फसवलं. लेक एकच धडा चार-चार वेळा वाचायची, पानभर रेघा मारायची. पूर्वपरीक्षेत मात्र तेच उत्तर अर्ध्यावर अडलं. नंतर माझ्या वाचनात आलं की रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हेच तपासलं होतं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. धाकट्याला मी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा शिवून दिला. पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते लिहायचं. पहिले चार दिवस तो चिडला, कारण काय येत नाही ते समोर दिसायचं. त्याच्याजवळ बसणं एवढंच मग माझं काम उरलं.

३. मला विज्ञान येत नाही, याची मला फार वर्षं लाज वाटत होती. शिकवणी लावायला पैसे मोजले तेही त्याच लाजेपोटी. पण माझ्या न येण्याचा लेकीला किती उपयोग झाला, ते खळ्यावर कळलं. कढईवर हळद शिजत होती, ती पुस्तक घेऊन शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "आई, पाणी उकळलंय. आता आणखी लाकडं घातली तर पाणी आणखी तापेल का?" मी म्हणाले, तापेल की. "नाही तापत. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते. एका ग्रॅमला ५४० कॅलरी. अप्रकट उष्मा म्हणतात त्याला." मला जे वाटलं ते मी विचारलं, "मग शेजारच्यांच्या कुकरमध्ये नुसत्या वाफेवर हळद आपल्या आधी कशी शिजते?" ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी धावतच आली. वाफ हळदीला लागून तिचं पुन्हा पाणी होतं, तेव्हा तीच साठलेली उष्णता ती सोडते! तो धडा ती कधी विसरली नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. तेव्हापासून आमच्याकडे भाजी निवडताना मला काहीतरी शिकवलं जातं. मी खरोखर अडते तिथंच थांबवते. समजल्याचं सोंग घेतलं तर मुलांना लगेच कळतं.

४. लेकीला मी पहाटे चारला उठवायचे, कारण मलाही तसंच उठवलं होतं. वयात येताना झोपेचं घड्याळच उशिरा सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, आणि या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं मी कष्टाची खूण समजले. धाकटा साडेदहाला निजायचा, साडेसहाला उठायचा.

५. दुसऱ्यांच्या मुलांचे गुण जेवताना काढायचे नाहीत. हे मला पाहुण्यांनाही सांगावं लागलं, आणि एक नातं काही दिवस फुगून बसलं.

६. मंडळाचे नियम मी लेकीच्या वेळी वाचलेच नव्हते. विषय सहा, पण टक्केवारी चांगल्या पाच विषयांची धरतात. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. २०२३ पासून पेपर दहा मिनिटं आधी हातात देणं बंद झालं आणि ती दहा मिनिटं शेवटी मिळू लागली. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळू शकतो, आणि जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. यातलं शेवटचं वाक्य मी धाकट्याला पहिल्या पेपरच्या आधी, समोर बसवून सांगितलं. निकालानंतर वर्तमानपत्रात येणाऱ्या बातम्या वाचून माझा जीव थरथरतो. ते वाक्य निकालाच्या दिवशी सांगायला गेलं तर उशीर झालेला असू शकतो. तो म्हणाला, "मी नापास होणार असं वाटतं का तुला?" मी म्हणाले, "नाही. पण झालास तरी याच घरात जेवायचंय."

७. पेपर सुटल्यावर लेकीच्या हातातली प्रश्नपत्रिका घेऊन मी फाटकातच गुण मोजायला बसायचे. दुसऱ्या दिवशीच्या पेपरला ती तो हिशोब डोक्यात घेऊन जायची. गणिताच्या दुसऱ्या भागाला धाकटा बाहेर आला तेव्हा मी फक्त पाण्याची बाटली पुढे केली. तो गाडीवर मागे बसला. बाजार मागे पडला, वाळत घातलेल्या हळदीचा वास येऊ लागला, तरी तो गप्पच. मग मागून आवाज आला, "आई, एक राहिला. चार गुणांचा." मी गाडी जरा हळू केली. तो सांगू लागला.