पुन्हा पुन्हा तेच? मग यंत्राला सांगा!

आज्ञावली लिहून झाली की काम संपले, असे तुम्हांला वाटत असेल. परंतु जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतील आज्ञावली वापरणाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी बरीच कामे उरतात. तिच्यातील चुका शोधायच्या, चाचण्या घ्यायच्या, वाचणाऱ्याच्या सोयीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागा व टीपा काढून फाइल लहान करायची, मग लहान फाइली जोडून एक करायची. फाइल लहान असली की इंटरनेटवरून लवकर पोहोचते. मूळ फाइलीत एक अक्षर बदलले, तरी हे सारे पुन्हा आलेच!

हे हाताने केले तर काय होईल? समजा, एखादी पायरी चुकण्याची संभाव्यता १०० त १ आहे. म्हणजे ती बिनचूक होण्याची संभाव्यता ०.९९. अशा ५ पायऱ्या ओळीने बिनचूक होण्याची संभाव्यता ०.९९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.९५. याचा अर्थ, २० फेऱ्यांत सरासरी एक फेरी चुकणार.

अशी चूक बेल प्रयोगशाळेतील स्टीव्ह जॉन्सन यांना भोवली. आज्ञावलीतील दोष त्यांनी दुरुस्त केला होता. पण ती फाइल यंत्रभाषेत पुन्हा रूपांतरित करायची राहून गेली. नसलेला दोष शोधण्यात त्यांची सकाळ वाया गेली. त्यावरून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ ही आज्ञावली तयार केली.

मेकची युक्ती सोपी आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलीपासून बनते, हे आपण एकदा लिहून द्यायचे. मेक फक्त वेळा ताडून पाहते. बनवलेल्या फाइलीपेक्षा मूळ फाइल नंतरची असेल, तरच ते काम पुन्हा करायचे.

उदाहरण पाहा. ‘गणित’, ‘चित्र’ आणि ‘खेळ’ या तीन मूळ फाइली अनुक्रमे ९:३०, ९:४० व १०:१५ वाजता शेवटच्या बदलल्या. त्यांची लहान रूपे १०:०० वाजता बनली व जोडफाइल १०:०१ वाजता. येथे फक्त ‘खेळ’ची मूळ फाइल आपल्या लहान रूपापेक्षा नवी आहे. म्हणून ते रूप पुन्हा बनते. आता ते जोडफाइलीपेक्षा नवे ठरले, म्हणून जोडफाइलही पुन्हा बनते. चार कामांपैकी दोनच करावी लागली!

२००९ मध्ये नोड.जेएस आले आणि जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवणे सोपे झाले. मग जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेली ग्रंट (२०१२) व गल्प (२०१३) ही साधने आली. ग्रंटला कामांची मांडणी यादीसारखी द्यायची. गल्पमध्ये एका कामातून निघालेला मजकूर नळातून वाहावा तसा पुढच्या कामात जातो. मूळ फाइलीवर नजर ठेवून ती बदलताच कामे सुरू करण्याची सोयही दोन्हींत आहे.

मात्र एक ध्यानात ठेवा. यंत्र विसरत नाही, पण विचारही करत नाही. जोडफाइल ‘चित्र’वर अवलंबून आहे हे लिहायचे आपणच विसरलो, तर यंत्र तीच चूक दर वेळी इमानाने करील.

आता दोन प्रश्न. वरील कामे झाल्यावर, काहीही न बदलता मेक पुन्हा चालवली तर किती कामे होतील? आणि केवळ जोडफाइल पुसून चालवली तर? कारणांसह वहीत लिहा.