छावणीतल्या चर्चचा फोटो : परवानगीपासून सुरू होणारा परिसर अभ्यासाचा पाठ



'आपल्या परिसरातील जुनी वास्तू' हा प्रकल्प आपण सगळेच घेतो. मुलं फोटो आणतात, चार ओळी लिहितात, वहीत चिकटवतात आणि प्रकल्प संपतो. मागच्या वर्षी मी ठरवलं की वर्गाने मिळून एकच वास्तू नीट बघायची. निवडलं ते लष्करी हद्दीतलं एक जुनं चर्च. ते नेमकं कोणतं, हे मुद्दामच लिहीत नाही. कारण पुढे कळेल.

माझी चूक आधी सांगते

सहलीच्या आधी जागा बघून यावी म्हणून मी एकटीच गेले होते. रस्त्याच्या कडेला गाडी लावली, मोबाईल काढला आणि मनोऱ्याचे दोन फोटो घेतले. तेवढ्यात पहाऱ्यावरचा जवान आला. आवाज चढवला नाही, पण म्हणाला, "मॅडम, ये डिलीट कर दीजिए." मी म्हटलं, "भैया, चर्च का फोटो है, शाळेसाठी." त्याने मोबाईलच्या पडद्याकडे बोट केलं. "चर्च के पीछे देखिए."

तेव्हा मी पहिल्यांदा माझाच फोटो नीट पाहिला. चर्चने जेमतेम एक तृतीयांश जागा घेतली होती. उरलेल्या भागात कुंपण, फाटक, उंच खांब आणि उभ्या गाड्या. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण मला दिसलंच नव्हतं. फोटो मी त्याच्यासमोरच पुसले, 'नुकत्याच पुसलेल्या' फोटोंच्या कप्प्यातूनही. खजील होऊन घरी आले. मात्र पाठाची सुरुवात कुठून करायची, ते त्या दिवशी कळलं.

चर्च तिथे आलंच कसं?

वर्गात पहिला प्रश्न हाच ठेवा. नागपूरच्या मुलांसाठी उत्तर सीताबर्डीपासून सुरू होतं. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसले यांचं सैन्य आणि इंग्रजांची फौज यांची लढाई झाली. इंग्रज जिंकले आणि त्यांची फौज इथे कायमची राहिली. १८२१ मध्ये कन्हान नदीकाठी कामठीची छावणी वसली. फौज आली की बराकी येतात, दवाखाना येतो, बाजार येतो, प्रार्थनेची जागा येते आणि दफनभूमीही येते. म्हणजे चर्च ही छावणीच्या संसाराची एक खूण. फळ्यावर मधोमध 'फौज' लिहा आणि मुलांना विचारा, 'हजार माणसं एका ठिकाणी राहायला आली तर काय काय लागेल?' माझ्या वर्गाने पाणी, पीठ, घोड्यांचा चारा, न्हावी, डॉक्टर, शाळा असं सगळं सांगितलं. देऊळ-मशीद-चर्चही त्यांनीच सांगितलं.

आजची गोष्टही जोडून घ्या. कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं प्रशिक्षण केंद्र आहे. ही रेजिमेंट १९४९ मध्ये उभी राहिली, तीच मुळी सगळ्या प्रांतांतले आणि सगळ्या जातिधर्मांचे जवान एकत्र घेऊन. आपल्या सैन्यात अनेक ठिकाणी 'सर्व धर्म स्थळ' असतं, एकाच छताखाली सगळ्यांची प्रार्थनेची जागा. १८२१ ची छावणी आणि आजची छावणी यांतला फरक मुलांना इथे सहज दिसतो.

'नाही' का म्हणतात?

शासकीय गुपिते अधिनियम हा कायदा १९२३ चा आहे. त्यात लष्कराच्या जागा 'निषिद्ध ठिकाणां'त येतात. देशाच्या सुरक्षिततेला बाधक हेतूने तिथे जाणं किंवा तिथलं रेखाटन, नकाशा करणं हा गुन्हा आहे. माझ्या मनात होतं, 'फोटो नाही तर नाही, मुलांकडून चित्र काढून घेऊ.' पण या कायद्यात 'रेखाटन' या शब्दातच फोटो आणि जागेचं इतर कोणतंही चित्रण धरलेलं आहे. म्हणजे पेन्सिलही कॅमेऱ्याच्याच रांगेत! आपला हेतू वाईट नसतो, हे खरं. पण हेतू कपाळावर लिहिलेला नसतो आणि फाटकावरच्या जवानाला तो वाचता येत नाही. म्हणून विचारायचं.

हे वर्गात सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी पण असंच आहे. बाबा कुठे आहेत ते कुणाला सांगायचं नाही." तिचे बाबा सैन्यात आहेत. वर्ग एकदम शांत झाला. एरवी 'फोटो काढण्यास मनाई' ही पाटी मुलांना नुसती आडवी येणारी वाटते. त्या दिवशी त्या पाटीमागे कुणाचे तरी बाबा उभे राहिले. माझं पुढचं भाषण मी तिथेच थांबवलं.

परवानगीचा अर्ज : मराठीच्या तासाला

पत्रलेखन शिकवताना आपण 'काल्पनिक मुख्याध्यापकांना' अर्ज लिहायला लावतो. इथे खरा अर्ज लिहिता येतो. परवानगी दोघांची लागते : हद्द ज्यांच्या ताब्यात आहे त्या लष्करी कार्यालयाची आणि चर्चच्या धर्मगुरूंची किंवा समितीची. अर्ज कुठे द्यायचा, हे फाटकावरच विचारावं. मुलांनी मसुदा केला, मुख्याध्यापकांच्या सहीने तो गेला. त्यात एवढं असू द्या :

१. दिवस, वेळ, मुलांची आणि मोठ्यांची संख्या, मोठ्यांची ओळखपत्रं.
२. कॅमेरे किती. आम्ही लिहिलं, 'फक्त एक, शिक्षिकेच्या हातात.'
३. काय टिपायचं. 'चर्चचा परिसर' असं मोघम नको. 'दर्शनी दार, आतली कमान, एक रंगीत काच' असं नेमकं हवं.
४. चित्रं काढणार असल्यास तेही स्पष्ट लिहा.
५. फोटोंचं पुढे काय करणार. आम्ही लिहिलं, 'वर्गाच्या भिंतीवर लावू. समाजमाध्यमांवर टाकणार नाही.'

उत्तर यायला वेळ लागला आणि आलं ते अटींसह. बाहेरून फक्त दाराचा फोटो, मनोऱ्याचा नाही, आणि निघताना सगळे फोटो दाखवायचे. मुलं थोडी हिरमुसली. पण 'तीनच फोटो मिळणार' म्हटल्यावर कोणते घ्यायचे, यावर जी चर्चा झाली, ती शंभर फोटो काढून कधी झाली नसती.

प्रत्यक्ष भेट

पहिली १० मिनिटं मोबाईल पिशवीत. मुलांनी हात मागे बांधून फक्त बघायचं आणि मग प्रत्येकाने पाहिलेली एक गोष्ट सांगायची. घंटेचा दोर, झिजलेली पायरी, भिंतींची जाडी, बाकांखालचे पाय टेकवायचे लाकूड, वेदीवरचं पांढरं कापड... मला न दिसलेलं बरंच त्यांना दिसलं.

मग फोटो. काही व्यवहाराच्या गोष्टी :

- चर्चची वेदी परंपरेने पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला असतं. अशा ठिकाणी सकाळी दर्शनी भाग सावलीत जातो, दुपारनंतर उजळतो. दिशा ओळखायचा हा चांगला सराव आहे.
- चुन्याची पांढरी भिंत आपल्या विदर्भाच्या उन्हात फोटोत नुसती पांढरीफटक येते. पडद्यावर भिंतीला बोट लावून उजेड कमी करा.
- रंगीत काच आतून टिपायची, फ्लॅश बंद ठेवून. काच उजळते ती बाहेरच्या उजेडाने.
- कॅमेऱ्यातलं 'लोकेशन' बंद करा. नाहीतर फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांशही साठवले जातात. मुलांना हे माहीतच नव्हतं. बऱ्याच पालकांनाही नसतं.
- बटण दाबण्याआधी चौकटीचे चारही कोपरे बघा. मी केलेली चूक हीच.
- प्रार्थना चालू असेल तर फोटो नाही. प्रार्थना करणाऱ्या माणसाचा तर विचारल्याशिवाय कधीच नाही.

भिंतीवरची नावं

छावण्यांच्या चर्चमध्ये स्मृतिफलक असतात. नाव, हुद्दा, मृत्यूचं वर्ष, वय. मुलांनी वजाबाकी करून जन्मवर्षं काढली. एक जण २२ वर्षांचा निघाला. "माझ्या दादाएवढा!" असं एक मुलगा पटकन म्हणून गेला. त्या काळी लढाईपेक्षा कॉलरा आणि तापाने सैनिक जास्त मरत, हे मी तिथे सांगितलं.

मग विचारलं, "इथे कोणाची नावं नाहीत?" इथे मुंबईच्या कुलाब्यातल्या अफगाण चर्चचं उदाहरण उपयोगी पडतं. नौदलाच्या वस्तीजवळचं हे चर्च पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांच्या आठवणीसाठी बांधलं. पायाभरणी १८४७ मध्ये झाली आणि १८५८ मध्ये ते प्रार्थनेसाठी खुलं झालं. तिथल्या लेखात अधिकाऱ्यांची नावं आहेत. साध्या शिपायांबद्दल मात्र एवढंच म्हटलं आहे की ते इतके होते की सगळ्यांची नावं लिहिणं शक्य नाही. वर्गात हे सांगितल्यावर मुलांनी आपल्या चर्चसाठी यादी केली : दगड घडवणारे, चुना मळणारे, घंटा वाजवणारा, मद्रासहून आलेले शिपाई, त्यांच्या घरच्या बायका. फोटोत यातलं कुणीच येत नाही. म्हणून फोटोखाली लिहायच्या ओळींत यांना जागा द्यायची, असं ठरलं.

परवानगी मिळाली नाही तर?

तरी पाठ अडत नाही. सदरमधलं ऑल सेंट्स कॅथेड्रल नागरी वस्तीत आहे. चर्चच्या लोकांना विचारून तिथे जाता येतं. १९०३ मध्ये नागपूरला पहिले बिशप आले, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली ती याच शहरात. सीताबर्डीचा किल्ला सैन्याकडे असला, तरी २६ जानेवारी, १५ ऑगस्ट अशा दिवशी लोकांसाठी उघडतात. आधी चौकशी करून जा.

आमच्या वर्गाच्या भिंतीवर आता तीन फोटो आहेत. चौथी चौकट मुलांनी रिकामी ठेवली आहे. तिच्याखाली लिहिलंय, 'मनोरा. आम्ही पाहिला. फोटो काढला नाही.' पालकसभेला आलेले लोक सगळ्यात जास्त वेळ त्या चौकटीसमोर थांबतात आणि मुलांना विचारतात. मुलं मनोरा कसा होता ते सांगतात. उंची, घंटा, खिडक्या, कबुतरं, सगळं तोंडपाठ.

आपल्या वर्गात नक्की करून बघा.