बंद पडलेलं इंजिन : व्हायवात न विचारलेले प्रश्न



ऑटो सायकलची पी-व्ही आकृती आपण झोपेतही काढू. पण तीच ऑटो सायकल शेतात बंद पडली तर? आपल्या होस्टेलमध्ये बरेच जण शेतकऱ्यांच्या घरचे आहेत, आणि पॉवर वीडर किंवा छोटा जनरेटर आता पुष्कळ घरांत दिसतो. म्हणून हा लेख.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे 'वापसा' हा शब्द मला मामांनी शिकवला. पाऊस उघडल्यावर जमीन ना चिखल ना कोरडी, कामाला योग्य होते, तो वापसा. सोयाबीनला पहिला महिना-दीड महिना तणापासून जपावं लागतं आणि त्यात वापशाचे दिवस मोजकेच. नेमक्या त्या दिवशी वीडर रुसला आणि मेकॅनिक तालुक्याला असला, की तणाचं फावलं! गेल्या पावसाळ्यात मामांचा वीडर असाच दहा-दहा मिनिटं चालून बंद पडायचा आणि लगेच चालूही व्हायचा नाही. तेव्हा जे शिकले ते इथे क्रमाने मांडते. इंजिन नेहमीचंच : एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, पेट्रोलवरचं, दोरी ओढून चालू होणारं.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल-हवेचं योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि पुरेसं कॉम्प्रेशन. चौथं काही नाही. म्हणून पाना हातात घेण्याआधी साध्या गोष्टी बघा. टाकीत पेट्रोल आहे का? कॉक उघडा आहे का? स्टॉप स्विच 'ऑन'वर आहे का? ऑइलची पातळी ठीक आहे का? बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी झालं की ठिणगी बंद करणारा सेन्सर असतो. उतारावर इंजिन फार कललं तरी तो फसू शकतो.

आता मुख्य प्रश्न : इंजिन बंद कसं पडलं?

१) बटण दाबल्यासारखं एकदम बंद पडलं, तर आधी ठिणगीवर संशय घ्या.

२) आचके देत, दम लागल्यासारखं बंद पडलं, तर पेट्रोल पोचत नाहीये.

३) फक्त चोक ओढल्यावरच चालतं, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. बहुधा कार्बोरेटरचा जेट तुंबलाय.

४) काही मिनिटं चालून थांबतं आणि टाकीचं झाकण उघडल्यावर पुन्हा चालू होतं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा टाकीत शिरायला हवी. ती नाही शिरली की आत दाब कमी होतो आणि पेट्रोल उतरायचं थांबतं.

मग स्पार्क प्लग काढा. बरीच दोरी ओढूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाहीये. ओला असेल तर पेट्रोल येतंय, पण पेटत नाहीये किंवा जास्त झालंय. काळा, काजळी धरलेला असेल तर मिश्रण फार रिच आहे. चोक आणि एअर फिल्टर बघा. ठिणगी तपासताना सांडलेलं पेट्रोल आधी पुसा, प्लग सिलिंडरच्या भोकापासून लांब, पण इंजिनाच्या धातूला टेकवून, इन्सुलेटेड पक्कडीने धरा. आणि पात्यांना हात लावण्याआधी प्लगची कॅप काढलेली असलीच पाहिजे!

जेट तुंबला असेल तर कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा झोत वापरा. तार घालू नका. भोक किंचित जरी मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. दोरी अगदीच सैल लागत असेल तर प्रश्न कॉम्प्रेशनचा, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा रिंगचा असू शकतो. तिथे मात्र मेकॅनिकच हवा.

जेट तुंबतो का? बहुतेक वेळा शिळ्या पेट्रोलमुळे. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो, मागे चिकट थर उरतो. शिवाय २०२५ पर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी ओढतं. पाणी फार झालं की दोन्ही मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि टाकीतून पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं तेही तळातूनच!

मामांच्या वीडरला चौथं निदान लागू पडलं. झाकणाच्या भोकात वाळलेला चिखल होता. भोक साफ केलं, खर्च शून्य रुपये, आणि त्याच वापशात उरलेलं रान झालं. विशेष म्हणजे यात एकही पार्ट बदलावा लागला नाही. एका वेळी एकच गोष्ट तपासा, ती नीट लावा, इंजिन चालवून बघा आणि मगच पुढची. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर इंजिन चालू होईलही, पण कशाने ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की एवढं करा. वीडर मोकळ्या हवेत चालू करा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. म्हणजे कार्बोरेटरचं पेट्रोल संपतं. इंजिन गार झाल्यावर टाकीही रिकामी करून ठेवा. पुढच्या जूनमध्ये घरचे दोरी ओढतील तेव्हा आपण इथे सबमिशनच्या गडबडीत असू, पण वीडर मात्र चालू होईल.