ट्रेलरच्या हातब्रेकविषयी भाच्यास पत्र

बिबवेवाडी, पुणे

चि. बाळ,

न्हावाशेवा ते चाकण अशा खेपा करणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरवर तुझी नेमणूक झाल्याचे ताईकडून कळले व फार संतोष वाटला. परंतु घोड्याच्या, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या, केबिनमध्ये स्टिअरिंगजवळ जी लहानशी दांडी असते, जिला आपण ट्रेलरचा हातब्रेक म्हणतो, तिच्याविषयी चालकांत इतके गैरसमज रूढ आहेत, की तुझ्या हाती गाडी येण्यापूर्वीच चार शब्द लिहिणे मला अगत्याचे वाटले.

ही दांडी ओढली असता हवेचा दाब केवळ ट्रेलरच्या चाकांकडे जातो, घोड्याच्या चाकांना त्याचा स्पर्शही होत नाही. घोड्याच्या ब्रेकचे लायनर वाचावेत म्हणून उतारावर हीच दांडी थोडी थोडी ओढीत खाली येण्याचा प्रघात काही जुन्या चालकांत आहे. तो सर्वस्वी त्याज्य समज. संपूर्ण गाडी आवरण्याचे काम ट्रेलरच्या मोजक्या ड्रमांवर पडले की ते अतोनात तापतात, तापलेला ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरतो, लायनरचे घर्षणही मंदावते, आणि नेमक्या निकडीच्या क्षणी ब्रेक निकामी ठरतो. शिवाय चाकणहून रिकामी पेटी घेऊन बोरघाट उतरताना, विशेषतः पावसात, हलक्या ट्रेलरची चाके जागच्या जागी अडकण्यास वेळ लागत नाही, आणि अडकलेली चाके घसरू लागली की ट्रेलरचा मागचा भाग शेजारच्या रांगेत वळतो. अशा वेळी हातब्रेक ओढल्याने ट्रेलर सरळ होतो, असे तुला कोणी छातीठोकपणे सांगितले तरी मानू नकोस. चाके अडकल्यामुळेच तो घसरलेला असतो, ब्रेक सोडल्यावर चाकांना रस्त्याची पकड पुन्हा मिळते व तो घोड्यामागे येऊ लागतो.

मग या दांडीचे प्रयोजन काय? घोडा ट्रेलरला जोडल्यावर ती ओढून, पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे ताण द्यावा, म्हणजे ट्रेलरची किंगपिन घोड्यात नीट अडकली आहे की नाही हे कळते. ही परीक्षा प्रत्येक खेपेस, हयगय न करता, करीत जा. चढावर गाडी उभी राहिल्यास पुन्हा सुटताना ती मागे घरंगळू नये म्हणूनही तिचा क्षणभर उपयोग होतो. गाडी उभी करून ठेवण्यास मात्र तिच्यावर इतबार ठेवू नये. जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७२ साली आगगाडीसाठी हवा गेली असता ब्रेक लागावा अशी योजना केली होती. या दांडीचे उलट आहे, हवा झिरपून गेली की तिची पकडही गेली. तेव्हा उभ्या गाडीस स्प्रिंगने धरणारा पार्किंग ब्रेक लावावा व उतारावर चाकांस ठोकळेही द्यावेत.

उतारावरील बेफिकिरीचा एक दाखला सांगतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आमच्या बिबवेवाडीपासून दूर नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तेथे एका मालमोटारीने वीसहून अधिक वाहनांना धडक दिली. प्रथम ब्रेक निकामी झाल्याची वार्ता पसरली, परंतु चालक इंजिन बंद करून उतरत होता असे प्राथमिक तपासात पुढे आले. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून इंजिन बंद केले म्हणजे हवा भरणारा काँप्रेसर बंद, आणि गिअरने मिळणारा अवरोधही नाहीसा; डिझेलच्या चार थेंबांसाठी इतरांचे प्राण पणास लावण्याचा अधिकार कोणाही चालकास नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उताराचा निर्णय उतारापूर्वीच करावयाचा असतो: माथ्यावरच वेग कमी करून खालचा गिअर घ्यावा, एक्झॉस्ट ब्रेक लावावा, आणि नंतर पायाचा ब्रेक, जो घोडा व ट्रेलर दोहोंस मिळून धरतो, गरजेपुरता दाबून सोडावा.

मालक अथवा मुकादम घाईची ताकीद देईल, रात्रीच्या खेपेस सोबती नेहमीच्या रीतीचा आग्रह धरतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण घाटाच्या माथ्यावर हवेचा काटा पाहिल्याखेरीज आणि गिअर उतरविल्याखेरीज गाडी खाली सोडू नकोस, एवढे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तुझा,
मामा